कमांडर मोठा की कॅप्टन

२ नोव्हेंबर, रविवार
पाचूबंदरला आमच्या जलरक्षक दलाची स्थापना. समुद्रात कुणी अडकलं तर सोडवायचं. सभासद नऊ, होड्या दोन. दोन्ही सेबेस्टियनच्या. त्याला तेवढंच जमतं, मासे मारणं आणि होड्या बाळगणं. शिस्त मी आणणार. सरकारी ऑफिसात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळलंय. हुद्दा म्हणजे काय, हे या लोकांना कुठून कळणार!

४ नोव्हेंबर
हुद्दे वाटले. मी कमांडर. सेबेस्टियनला कॅप्टन करून टाकलं. गल्लीतल्या क्रिकेटमध्येही कॅप्टन असतो. त्याने विचारलं, कॅप्टनला डिझेल मिळतं का? क्षुद्र माणूस.

७ नोव्हेंबर, दुपारी
जेवताना सूनबाई ऋतिका म्हणाली, "बाबा, नेव्हीत कॅप्टन कमांडरच्या वर असतो." मोबाइलवर दाखवलं. तिला मोबाइलवरचं सगळं खरं वाटतं. तरी तीनदा वाचलं. वरण गार.

८ नोव्हेंबर
स्वतःला बढती दिली. कोमोडोर, म्हणजे कॅप्टनच्याही वर. पापडी गावातल्या टेलरकडून खांद्यावरच्या पट्ट्या बदलून आणल्या. सेबेस्टियनला कळवलं. जाळं शिवता शिवता, मान वर न करता म्हणाला, "बरं साहेब." सॅल्यूट नाही. लेखी समज द्यावी लागेल.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
किल्ल्यामागे फोटो काढायला गेलेलं एक जोडपं चिखलात कमरेपर्यंत रुतलं. भरती सुरू. सेबेस्टियन होडीकडे धावला. मी अडवलं. नियम क्रमांक चार : कोमोडोरच्या लेखी आदेशाशिवाय होडी सुटणार नाही. पेन सापडेना.
"साहेब, पानी चढतंय," तो ओरडला. "ती दोघं गेल्यावर आदेश कुनाला दाखवनार?"
मला बाजूला सारून होडी लोटली. बाकीचे सातही त्याच्यामागे. दोघं वाचली. बचावकार्य माझ्या उपस्थितीत झालं, अशी नोंद केली.

२३ नोव्हेंबर, रविवार
बैठक. सेबेस्टियनची कॅप्टनकी काढण्याचा ठराव मांडायला उभा राहिलो. त्याने आधीच पट्ट्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाला, "तुमीच ठेवा. आमाला समुद्रावर जायचंय." सगळे उठून गेले. होड्याही गेल्या. त्यांनी जेट्टीवर वेगळं दल काढलंय. हुद्देच नाहीत म्हणे. रानटी लोक. इथे आता सर्वोच्च अधिकारी मीच, आणि कुणाची हरकत नाही.

३० नोव्हेंबर
त्यांना मार्गदर्शनाची गरज आहे, म्हणून मोठ्या मनाने नाव नोंदवायला गेलो. सेबेस्टियनने वही उघडली. एकच प्रश्न विचारला.
"साहेब, पोहता येतं?"
प्रश्न अपमानास्पद होता. रिक्षाने घरी आलो.