दुसरी ताटली

भवानी पेठ, सोलापूर
रविवार, १० एप्रिल १९७७

प्रिय सूनबाई दाक्षायणी,

तुझे २१ मार्चचे पत्र पोहोचले. त्यातल्या एकाच वाक्यात चार चुका आहेत. त्या शुद्धलेखनाच्या असत्या, तर नेहमीप्रमाणे तांबड्या शाईने दुरुस्त करून मी पत्र परत पाठवले असते आणि माझा लेक संगप्पा नेहमीप्रमाणे तुला हसला असता. या चुका घडलेल्या गोष्टींच्या आहेत. तू लिहितेस, ‘मामा, त्या रविवारी मी तुम्हाला त्या मेक्सिकन खानावळीत नेले, तुम्ही नकळत एक ताटली खाल्लीत, दोष सर्वस्वी माझा आहे.’ तो रविवार नव्हता, शनिवार होता. तू मला नेले नाहीस. ताटली एक नव्हती. चौथ्या चुकीकडे मी क्रमाने येतो. तिच्याकडे सरळ जाण्याचे धैर्य मला गेल्या सात महिन्यांत झालेले नाही.

सॅन अँटोनियोला येऊन मला सात आठवडे झाले होते. तुला सातवा महिना लागला होता, तरी तू सकाळ-संध्याकाळ माझ्यासाठी पोळ्या लाटत होतीस, आणि इथल्या पिठाला वास नाही, असे मी तुला रोज ऐकवत होतो. त्या शनिवारी संगप्पाने मोटार लांब उभी केली आणि आपण तिघे पायी निघालो. कोपऱ्यावरच्या एका बसक्या दुकानाच्या उघड्या दारातून आवाज आला. आपल्याकडे भाकरी परातीत थापतात. आतली बाई मक्याचे पीठ दोन तळहातांमध्ये थापत होती. तरीही आवाज तोच होता. तुझ्या सासूला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. घर सांभाळणाऱ्या माझ्या बहिणीचे, बसव्वाचे, हात दुखतात म्हणून ती पोळ्याच करते. त्यामुळे तो आवाज माझ्या कानांवर चार वर्षे पडला नव्हता. दाराशी मी थांबलो, तू नव्हे. तू उलट म्हणालीस, “मामा, इथं आधी विचारून घ्यावं लागेल.” हे वाक्य मला शब्दशः आठवते.

आणि तू विचारलेसही. टेबलांवर मेणकापड होते, अंगावर चुन्याचे डाग घेऊन गवंडी जेवत होते, प्रत्येक टेबलावर तांबड्या मिरचीच्या ठेच्याची वाटी होती. ते पाहून संगप्पा म्हणाला, “आप्पा, हे तर आपल्या मंगळवार बाजारातलं हॉटेल की.” तू मालकीणबाईला, लुपेबाईंना, उसळीत मांस आहे का, असे इंग्रजीत स्वच्छ विचारलेस. त्यांनी मान हलवून ‘नाही’ म्हटले. ते खरेच होते, मांस नव्हते. घोटलेल्या घेवड्याच्या दाण्यांची ती उसळ आणि त्या गरम मक्याच्या रोट्ट्या मी कशा खाल्ल्या, हे तू पाहिले आहेस. मग ताटात पडलेले अन्न प्रसाद, या आपल्या रीतीप्रमाणे मी ताटली पाण्याने धुऊन ते पाणी पिऊन टाकले. शेजारचे गवंडी पाहत राहिले. लुपेबाईंना मात्र ती आपल्या रांधण्याची स्तुती वाटली. त्या हसल्या, माझा हात धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, आणि तुम्ही दोघे बाहेर बसून राहिलात.

आत काय घडले, ते मी कोणालाही सांगितलेले नाही. थापणे कसे चालते, ते त्यांनी मला दाखवले. मग शेजारच्या कढईकडे वळून त्यांनी डब्यातली पांढरी चरबी मोठ्या चमच्याने काढली आणि उसळीत सोडली. डब्यावर डुकराचे चित्र होते. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता आणि उजेड भरपूर होता.

दाक्षायणी, पहिली ताटली मी अजाणता खाल्ली. तिचा दोष कोणाचाच नव्हता. मी बाहेर येऊन बसलो. तू विचारलेस, “मामा, आणखी काही हवं का?” आणि मी म्हणालो, “आणखी एक ताटली सांग.” अन्न टाकता येत नाही, ही सबब पहिल्या ताटलीला लागू पडली असती. दुसरी मी मागून घेतली; चौथी चूक ती हीच: ती नकळत नव्हती आणि दोष तुझा नव्हता. छातीवर आपल्या लिंगायतांचे इष्टलिंग होते. त्यावर मी धोतराचा सोगा ओढून घेतला आणि जेवलो. धुतलेले पाणीही प्यायलो. का, याचे उत्तर मी सात महिने शोधतो आहे. आतमध्ये ती बाई थापत होती आणि मला उठावेसे वाटले नाही, याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

निघताना, उसळीला ही चव कशाने येते, असे संगप्पाने कौतुकाने विचारले आणि लुपेबाईंनी सांगितले. त्याचा चेहरा उतरला. त्या क्षणी खरे बोलणे सोपे होते. मी तुझ्याकडे वळून म्हणालो, “तू नीट विचारले नव्हतेस?” तू रडलीस. मी तीन दिवस उपास केला, तोही तुला दिसेल असा, आणि ठरलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधी, तुला अवघडलेली सोडून, निघून आलो.

इथे पहिल्याच जेवणाला बसव्वाने विचारले, “अण्णा, एवढ्या लवकर का आलात?” मी उत्तर दिले, “सूनबाईने ताटात काय वाढले, ते मला ठाऊक नव्हते.” एकतीस वर्षे मुलांना नेटकी वाक्ये लिहायला शिकवली, इतके नेटके वाक्य मी स्वतः क्वचित रचले असेल. ते दोन आठवड्यांत तुझ्या माहेरी पोहोचले. तुझे वडील अक्कलकोटची पहिली एस.टी. धरून आले. चनबसप्पांनी चार माणसांदेखत डोक्यावरची टोपी काढून माझ्या पायांशी ठेवली आणि म्हणाले, “पोरीचं चुकलं, पोटात घाला.” मी त्यांना उठवले, क्षमा केली आणि चहा पाजला. त्यानंतर स्वामींनी घरी येऊन मला शुद्ध केले, आणि बसव्वाने तुला या घरच्या चुलीशी येऊ न देण्याची शपथ घेतली. नोव्हेंबरात नातू झाल्याची तार आली, तेव्हा पेढे वाटतानाही ती शपथ कोणी मोडली नाही. मीही नाही.

आता तू लिहितेस की मे महिन्यात बाळाला घेऊन येईन. पण भवानी पेठेत येणार नाही, परस्पर माहेरी उतरेन, म्हणजे तुम्हाला विटाळ नको. ते वाक्य वाचूनही मी आठवडाभर टाळाटाळ केली. परवा बसव्वाला समोर बसवून, इथे लिहिले आहे ते सारे सांगितले. तिने निवडायचे तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, “तुमी खाल्लं ते खाल्लं, अण्णा. पण ते पोरीच्या ताटात का टाकलंत?” काल मी तुझ्या माहेरी गेलो. चनबसप्पांनी सगळे ऐकून घेतले. ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली, माझ्यादेखत डोक्यावर नीट बसवली आणि शेताकडे निघाले. उंबऱ्यातून, मागे न बघता, एवढेच म्हणाले, “जेवून जावा. पाव्हना उपाशी गेला, असं आमच्या घरात होत न्हाय.” तुझ्या आईने ज्वारीची भाकरी थापली. तो आवाज मी पुन्हा ऐकला. ताटातले टाकता येत नाही. मी शेवटचा कण खाल्ला, ताट धुऊन पाणी प्यायलो. चनबसप्पा एस.टी.ची वेळ होईपर्यंत परतले नाहीत.

हे पत्र क्षमेसाठी नाही. ती मागण्याचा मान मी तुझ्या वडिलांची टोपी पायांशी पाहिली, तेव्हाच गमावला. तुझ्या हातचे तुझे कबुलीपत्र माझ्या पेटीत आहे. ते खोटे आहे, आणि उद्या तुझ्या मुलाच्या हाती पडले, तर तो ते खरे मानील. म्हणून त्याला जोडून ठेवण्यासाठी ही दुरुस्ती. संगप्पालाही वाचून दाखव.

४ सप्टेंबर १९७६, शनिवार. (तुझ्या पत्रात ५, रविवार.) दोन ताटल्या, दुसरी जाणून.
९ सप्टेंबर, गुरुवार. मी निघालो. (तुझ्या पत्रात ‘प्रकृतीमुळे’.) लाजेमुळे.
१२ सप्टेंबर, रविवार. बसव्वाशी खोटे बोललो. (तुझ्या पत्रात नोंद नाही.)
२६ सप्टेंबर, रविवार. चनबसप्पांची टोपी. (तुझ्या पत्रात ‘माझे वडील भेटून आले’.)
९ एप्रिल १९७७, शनिवार. ती त्यांनी परत डोक्यावर घातली.
२० मे, शुक्रवार. तू माहेरी पोहोचशील. ही तारीख बरोबर आहे.
भवानी पेठेत, आपल्या चुलीशी, येण्याची तारीख. ही जागा मोकळी ठेवली आहे. ती मी भरू शकत नाही.

तुझाच,
महादेवप्पा