बाबांनी निवडलेली वाट

फिनिक्स, अमेरिका
१५ फेब्रुवारी १९८७

ती. सौ. आशाबाईस,
हरिदासचा सप्रेम जयभीम. वि. वि. बाबांचं तिकीट काढलं. मेच्या सुरुवातीला ते इथे पोचतील. मुंबईपर्यंत श्रीहरी भाऊजी सोडायला येणार हे वाचून माझी मोठी काळजी मिटली.

इथून मोटारीने चार-पाच तासांवर ग्रँड कॅन्यन नावाची प्रचंड दरी आहे. सगळा वाळवंटी मुलूख. लाल, पिवळे, करडे खडक थरावर थर रचल्यासारखे, आणि तळाशी नदी. बाबांना तिथे न्यायचं ठरवलं आहे. प्रश्न वाटेचा आहे. एक वाट काठाकाठाने जाते. ती सपाट आहे आणि जागोजागी बाकडी आहेत. दुसरी कैबाब नावाची, उघड्या कड्यावरून खाली उतरते. देखावा सर्वांत सुंदर तिचाच, पण पाणी नाही, सावली नाही. तिसरी ब्राइट एंजल. तीही खालीच जाते, पण अधूनमधून विसाव्याच्या झोपड्या आणि पिण्याचं पाणी आहे. माहितीपत्रक सोबत पाठवतोय. बाबांची धाप आता कशी आहे ते खरं खरं कळव.

आणखी एक. मागची खोली त्यांच्यासाठी रंगवून घेतली आहे. इथेच राहिले तर मला हवंच आहे. पण हे आत्ताच त्यांना सांगू नकोस. माझ्या लग्नाबद्दल या वेळी काहीच विचारलं नाहीस, त्याबद्दल आभारी आहे.
लोभ कमी करू नये.
तुझा,
हरिदास


ऊर्जानगर, चंद्रपूर
८ मार्च १९८७

चि. हरिदास यास,
आशाबाईचे अनेक आशीर्वाद. आम्ही सारे खुशाल. इथे आत्ताच ऊन तापायला लागलं आहे आणि दुपारी क्वार्टरच्या भिंतींना हात लावू देत नाही.

बाबांना डॉक्टरांना दाखवून आणलं. घुग्घुसच्या खाणीत इतकी वर्षं काढल्यावर छाती जेवढी चांगली असावी तेवढी आहे, असं ते म्हणाले. सपाटीवर हवं तेवढं चाला, चढ मात्र बेतानं. तेव्हा माझ्या मते विषय संपला. काठावरची वाट, आणि तीही सकाळच्या वेळी. बाकड्यावर बसवून दरी दाखव, फोटो काढ आणि घरी आण. आई गेल्यापासून तीन वर्षं मी त्यांना जपते आहे. तुझ्या भरवशावर पाठवते आहे, हे तुला सांगून ठेवते.

तुझं ते पत्रक बाबा रोज भिंग लावून बघतात. काल जेवताना म्हणाले की, सपाट रस्ता पाहाले येवढ्या दूर काऊन जाऊ, तो तर आपल्या कॉलनीत हाये. यांना हसू आलं. मला नाही आलं. त्यांनी तुला पत्र लिहायला घेतलं आहे. ते काहीही लिहोत, तू माझं ऐक.

खोलीचं वाचलं. ते तिकडे राहिले तर माझी मागची खोली रिकामी होईल, एवढंच लिहिते. लग्नाचं विचारलं नाही कारण विचारून थकले. अशीच आठवण ठेव.
तुझी,
आशाबाई


ऊर्जानगर
११ मार्च १९८७

चि. हरिदासले बाबाचा आशीर्वाद आणि जयभीम.
मी बरा हाये. तू पाठवलेला कागद पाहून राह्यलो. इंग्रजी समजत नाई, पण चित्र समजते. श्रीहरीनं थोडं वाचून देल्लं.

मले खाली जाणारी वाट पाहिजे. वरून तर कोणीबी पाह्यते. खाणीत मी खाली जात होतो, पण दिव्याच्या उजेडात समोरचं हातभर दिसे. जमिनीच्या पोटात इतके रंग असतात हे मले ठाऊकच नाई. दिवसाढवळ्या एक डाव पाह्यचं हाये.

पण ते उघड्या कड्याची वाट नको. ते चांगली दिसते म्हणून लोक जात असतीन, आपल्याले पाणी पाहिजे. तिसरी घे. झोपड्यापर्यंत जाऊ, जमलं तर पुढं, नाई तं वापस. आशीले आत्ता सांगू नको, ते जेवण सोडीन.
तुह्या तब्येतीले जप.
तुहा बाबा,
लहानू


फिनिक्स
१८ मे १९८७

ती. आशाबाईस,
सप्रेम जयभीम. आधी हे वाच की बाबा ठीक आहेत. या क्षणी ते मागच्या अंगणात खुर्ची टाकून शेजारच्या कुत्र्याशी मराठीत बोलत आहेत.

मी तुझं ऐकलं नाही, त्यांचं ऐकलं. आम्ही उजाडताच तिसऱ्या वाटेने उतरलो. उतरताना बाबा माझ्यापेक्षा मजेत होते. दर वळणावर थांबून खडकाला तळवा लावायचे. एका ठिकाणी म्हणाले की, हे सारं आमच्या डोक्यावर होतं आणि आम्हाले दिसत नव्हतं. पहिल्या झोपडीत पाणी प्यायलो. मी परत फिरू म्हणालो, ते दुसरीपर्यंत जाऊ म्हणाले, आणि गेलो. ते जायला नको होतं.

वर येताना ऊन समोरच्या भिंतीवरून थेट अंगावर आलं. शिवाय ती जागा इतकी उंचावर आहे की धडधाकट माणसालाही तिथे दम लागतो. बाबा आधी प्रत्येक वळणाला बसू लागले, मग मधेच. एका खडकाच्या सावलीत ते बसले ते उठेचनात. ओठ निळसर झाले. एक अमेरिकन बाई वर चालली होती. तिने टोपी भिजवून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि वरच्या झोपडीपाशी कोणी कर्मचारी भेटला तर खाली पाठवते म्हणाली. मीही वर धावत जायला निघालो, तर बाबांनी माझं मनगट धरलं आणि बस म्हणून खूण केली. मी बसलो. मला वाटलं, संपलं.

बऱ्याच वेळाने श्वास जागेवर आला तेव्हा ते बोलले. म्हणाले की, मले ठमाबाईसंग लग्न करायचं हाये. आशीच्या तोंडावर सांगायची हिंमत नाई होत. माहं काही झालं तं तिले निदान ठाऊक असावं.

ठमाबाई म्हणजे घुग्घुसच्याच ना, ज्यांचे यजमान बाबांच्या पाळीत होते आणि अपघातात गेले? आईच्या शेवटच्या दिवसांत आपल्या स्वयंपाकघरात त्याच होत्या, एवढं मला आठवतं. मी बाबांना म्हणालो की आधी श्वास घ्या. मग तो कर्मचारी आला, त्याने मीठ-पाणी दिलं, आणि थांबत थांबत संध्याकाळी आम्ही काठावर पोचलो. डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाले.

खोलीचं मी विचारलंच नाही. परतताना गाडीत त्यांनी आपणहून सांगितलं की घर चांगलं हाये, पण मले इथी राह्यचं नाई. दोन दिवस मला राग आला होता. आता तुला कळवायचं काम माझ्यावर टाकलं आहे, ते करतो आहे. माझं मत विचारशील तर ते अजून बनलेलं नाही.
तुझी माया अशीच राहो.
हरिदास


ऊर्जानगर
७ जून १९८७

चि. हरिदास यास,
आशीर्वाद. तुझं पत्र दुपारी आलं. वाचलं, कपाटात टाकलं आणि भांडी घासायला बसले. हे कामावरून आले तेव्हा मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते. यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले की यात वाईट काय आहे. मी ते यांच्या हातातून ओढून घेतलं.

मला लग्नाचा राग नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. पण जास्त लागलं ते दुसरंच. तीन वर्षं माझ्या हातचं जेवले. रोज रात्री भाजीत मीठ बरोबर झालं का एवढंच बोलणं. आणि हे सांगायला सातासमुद्रापार एका दरडीखाली जावं लागलं. आणि तुला काय सांगितलं होतं मी वाटेचं? ते भांडण वेगळं, तू आलास की करीन.

परवा घुग्घुसला गेले. ठमाबाई अंगणात कोळशाची धूळ झाडत होत्या. मला पाहिलं आणि झाडू खाली ठेवला. कशाला आले हे विचारलं नाही, चहा ठेवला. मीच विषय काढला. त्या म्हणाल्या की, तुह्या बाबानं हिवाळ्यात विचारलं होतं. मी म्हटलं, पह्यले पोरीले विचारा. मग ते काही बोललेच नाई. मी समजली, पोरगी नाई म्हणाली. पावसाआधी मी भावाकडं मार्कंड्याले जाणार हाये. सामान बांधलेलं हाये.

सामान खरंच बांधलेलं होतं. दोन ट्रंका आणि एक पोतं. मी चहा पिऊन उठले. हो म्हणाले नाही. एवढंच म्हणाले की बाबा येईपर्यंत जाऊ नका, मला कोणी विचारलंच नव्हतं.

बाबांना हे पत्र वाचायला दे.
आशाबाई


फिनिक्स
२४ जून १९८७

चि. आशीले बाबाचा आशीर्वाद.
तुहं पत्र हरिदासनं देल्लं. दोनदा वाचलं.

तू ताट वाढायची आणि बाजूले बसायची, तवा रोज मनात येई की आज सांगू. पण तुह्या हातात तुह्या आईच्या बांगड्या हायेत. त्या वाजल्या की माहं बोलणं आतच राहे. तिथी त्या खडकाखाली श्वास बंद झाला, तवा वाटलं, हे आतच ठेवून मरणं बरोबर नाई.

तुह्या आईची जागा कोणाले द्यायची नाई. घरात दोन माणसं बोलाले पाहिजे, येवढंच. तू नाई म्हणशीन तं मी मागच्या खोलीत पह्यल्यासारखा राहीन, तुह्यावर राग नाई धरणार. पण आता तुलेच विचारतो. उत्तर लिवून पाठवू नको. मी ऑगस्टात येतो, तोंडानं सांग.
बाबा


ऊर्जानगर
१५ नोव्हेंबर १९८७

चि. हरिदास यास,
अनेक आशीर्वाद. तुझी तार वेळेवर पोचली, ती विहारात सगळ्यांसमोर यांनी वाचून दाखवली.

मी बाबांना हो कसं म्हणाले ते तुला कळवलंच नव्हतं. मुंबईहून आले त्या रात्री मी ताट वाढलं. ते जेवेनात, माझ्याकडे पाहत राहिले. मी बांगड्या उतरवून फळीवर ठेवल्या आणि म्हणाले की आता विचारा. त्यांनी विचारलं. मी म्हणाले, भाजी गार होते आहे, जेवा, आणि उद्या घुग्घुसला निरोप पाठवा. मग दोघंही बराच वेळ रडलो.

लग्न घुग्घुसच्या विहारात झालं. माणसं थोडीच होती. काहींनी मागून कुजबूज केली, काही आलेच नाहीत. वंदना झाली, फुलांचे हार घातले, बुंदी वाटली. बाबा आता तिकडेच राहतात. मागच्या खोलीत मुलं अभ्यास करतात. तिथून खोकला ऐकू येत नाही, याची सवय व्हायला वेळ लागतो आहे. आता तुझंच लग्न तेवढं बाकी आहे. बाबांचं दुसऱ्यांदा झालं, तुझं पहिलं होईना.

गेल्या रविवारी मी लग्नानंतर पहिल्यांदा एकटी त्यांच्याकडे गेले. दारात पाय अडखळला, कारण आता काय म्हणून हाक मारायची ते ठरलं नव्हतं. तोंडातून सवयीने मावशी निघालं. वाटलं, चुकलं. ठमाबाई आतून पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या की, बरं झालं तू मावशीच म्हणाली, आई म्हटलं असतं तं मी तुह्याकडं पाहू शकली नसती. आणि मला पाट दिला.

जेवून, दुपारी जरा लवंडून, शेवटच्या बसने घरी आले. येत्या रविवारीही जाणार आहे.
तुझी आठवण काढणारी,
आशाबाई