समुद्राच्या थेंबातला एकडोळ्या

रहिमतपूर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९६३

शाळा कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांच्याइतका पोकळ माणूस मी पाहिला नाही. वर्गात हे बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

काल भाऊ रत्नागिरीहून समुद्राच्या पाण्याची बाटली घेऊन आला. आज नववीच्या मुलींना त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. तिळापेक्षा लहान जीव, अंग काचेसारखं, कपाळावर एकच लाल डोळा. मासा जवळ आला की पाणी हललेलं त्याला कळतं आणि तो झटकन उडी घेतो. लाखो खाल्ले जातात, तरी समुद्र त्यांनीच भरलेला.

तेवढ्यात आप्पासाहेब आले. भिंगाला डोळा लावला, जीवानं उडी मारली आणि हा एवढा मोठा उसाचा बागाईतदार दचकून मागे सरला. मुली हसल्या. राग माझ्यावर निघाला.

"लय हलतंय. मारा त्याला, म्हंजे नीट दिसंल."

"मेल्यावर तो जगतो कसा, हे कसं दिसणार?" मी विचारलं.

"बौद्ध झालासा आन् तोंड लय चालाय लागलं. एवढ्याशानं एवढ्याशागत ऱ्हावं, बाई. ते यंत्र कपाटात ठेवा."

कोणाला म्हणाले, त्याला की मला? मी पुन्हा वाकून पाहिलं. तो लाल डोळा भिंगाखाली जिवंत होता.

"तास संपल्यावर ठेवते," म्हणाले आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

सगळ्या मुलींनी पाहिलं. आप्पासाहेब तोवर दारातच उभे होते. बसा म्हणायला कोणी उठलं नाही.