नव्या हाताला लागतं म्हणतात

माय, तू गेलीस त्याला सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला सांगावं असं माझ्या हातून काही घडलं नाही. आता घडलंय, आणि सांगायला दुसरं कुणी उरलं नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो. तू तलावावर मासळी आणायला गेलीस आणि मी तुझा लाल कोंबडा न विचारता काखेत घालून जंगलातल्या कोंबडबाजारात झुंजीला नेला. पायाला पातं कसं बांधतात तेही मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या माणसानं बांधून दिलं. "नवा हायेस न? मंग डाव लागते तुले. नव्या हाताले लागतेच," तो म्हणाला. आणि लागलं. दोन उड्यांत समोरचा कोंबडा आडवा झाला, आणि रिवाजाप्रमाणे तो मेलेलाही माझाच. एका हातात जिवंत, दुसऱ्यात मेलेला, असा मी दारात उभा आहे आणि तू चुलीपुढून उठत नाहीस.

"हा माया चुलीवर शिजनार नाई."

"काऊन? जिंकून आनलो न."

"म्हनूनच." तू पुढच्या माशाची खवलं काढायला घेतलीस. मग म्हणालीस, "आज तुयासारखे नवे किती होते तिथी? जे हरले ते चूपचाप घरी गेले. त्याइची गोष्ट कोनी सांगत नाई. तू जिंकला, आता तू परत जाशीन. अन् गाव म्हनन, नव्याले लागते."

मी हसलो होतो. मग कोंबडे झाले, दिवाळीनंतरच्या मंडई-जत्रेतले पत्ते झाले, फोनवरची रमी आली. मासे धरायचा डोंगा गेला, जाळी गेली. तुझी सून माहेरी गेली ती परतली नाही. नात तेवढी राहिली. "बाबाले रांधून कोन देईन?" म्हणून राहिली.

यंदा तिचा गडचिरोलीला नर्सिंगला नंबर लागला. फीचे पैसे तिच्या मामानं तिच्या खात्यात टाकले होते. ते आले त्या दुपारी माझ्या फोनवर रमीला लावायला काही उरलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "तुया खात्यातून एक डाव तू खेळून पाय. तुया हात नवा हाय." तिनं तोवर पत्ता हातात धरला नव्हता. तुझे शब्द मला तेव्हा आठवत होते, माय. आठवत असताना मी हे बोललो. ती जिंकली. उड्या मारत अंगणात गेली, आणि मी टाळ्या वाजवल्या.

पुढचे तीन दिवस मी वडशाच्या राईस मिलमध्ये पोती उचलत होतो आणि ती घरी एकटी खेळत होती. फीचे सगळे पैसे गेले. काल कॉलेजातून फोन आला, फी भरली नाही म्हणून जागा दुसऱ्या मुलीला दिली.

कालपासून ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. जेवत नाही. मी मिलला गेलो नाही, दारातच बसून आहे. तिला एकटं सोडायची मला भीती वाटते. मध्येच ती म्हणते, "चूक माहीच हाय, बाबा. मीच लालची." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवतो, पण चूक माझी आहे असं म्हणत नाही.

हा कागद तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहितो. ती असं म्हणते ना माय, तेव्हा मला थोडं बरं वाटतं.