अण्णांचा घास

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

शनिवारच्या होडीनं तुझं पत्र आलं. दीपगृहाच्या काचा पुसून खांदे भरून आले म्हणतोस. इकडे अण्णांची कूस बदलून माझेही आलेत. फिट्टंफाट!

आता खरं सांगते. अण्णांनी जेवण टाकलंय. अर्धांगानं उजवा हात आणि बोलणं गेलं, पण घसा ठीक आहे असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तरी मी चमचा पुढे केला की ओठ गच्च मिटतात. दाढेत गळू झालं तेव्हाही हूं की चूं न करणारा फौजी माणूस तो. मुलीच्या हातून भरवून घेणं म्हणजे त्यांना शरणागती वाटत असेल. परवा मी बाजारात असताना अण्णा खुर्चीवरून घसरले. तासाभरानं मी आले तर ते तसेच जमिनीवर. काठी डाव्या हाताशीच होती. आपटली असती तर वरच्या मजल्यावरचे मास्तर धावत आले असते. आपटली नाही.

गल्लीला त्यांचं केवढं कौतुक! न्हावी दर रविवारी घरी येऊन दाढी करतो, वस्तरा काढण्याआधी ताठ उभा राहून सलाम ठोकतो. शाळेतल्या पोरींनी, देशासाठी लढलात म्हणून, आभाराची पत्रं लिहून पाठवलीत. ती मी वाचून दाखवते आणि ते भिंतीकडे बघत राहतात. तुला सुट्टी मिळेल का रे?

जीव लावून आहेस तसाच राहा.

तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि सुचेनासं झालं. माझ्या बदलीचा माणूस आजारी आहे. बिनतारीवरून साहेबांना विचारलं, ते बघू म्हणाले. त्यांचं बघू तुला ठाऊक आहेच.

मी फौजेत गेलो नाही म्हणून अण्णा कधी रागावले नाहीत. दिव्यावर लागलो तेव्हा एवढंच म्हणाले, पहारा तो पहारा, जागा सोडायची नाही. आता त्यांच्याजवळ यायचं तर तीच सोडायला हवी. काय करू, सांग.

एक सुचतंय. शिंपीकाकांना बोलावून घे. पाय उडालेल्या ज्या माणसाला अण्णांनी गोळीबारातून सात तास पाठीवर वाहून आणलं, त्याच्यापुढे तरी ते हट्ट करणार नाहीत. आणि तूही जरा जेवत जा. तुझं अक्षर वाळल्यासारखं दिसतंय.

माया कमी करू नकोस.

तुझा धाकटा

ता. २५ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

शिंपीकाका आले, सहा दिवस राहिले. आल्या आल्या साहेब म्हणून सलाम केला आणि अण्णांना उठवून बसवायला गेले. लाकडी पाय घसरला, दोघेही गादीवर आडवे! मी घाबरून धावले, तर अण्णा हसत होते. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मग काकांनी वाटी घेतली. म्हणाले, त्या दिवशी मला खाली ठेवा, तुम्ही तरी जगा, असं मी अकरा वेळा विनवलं होतं. तुम्ही मला शिव्या घातल्यात आणि म्हणालात, वजन माझ्या पाठीवर आहे, तक्रार तू का करतोस? आज मी तुमचं ऐकणार नाही. अण्णांनी तोंड उघडलं. अर्धी वाटी खिमट खाल्लं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदानं म्हणेन, पण सगळं आनंदाचं नव्हतं.

काकांची सून बाळंतीण, त्यांना जावं लागलं. त्या दिवसापासून ओठ पुन्हा मिटले. काल माझा तोल गेला. मी ओरडले, लहानपणी ताप आला की मला उचलून दवाखान्यात नेत होतात, ते मी विसरायचं का? माझ्या हातचंच का चालत नाही? आणि वाटी तिथेच ठेवून पायाशी बसून राहिले. बऱ्याच वेळानं अण्णांनी डाव्या हातानं चमचा उचलला. निम्मं पांघरुणावर सांडलं. उरलेलं माझ्या तोंडापाशी आणलं. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, ते त्यांनी पाहिलं होतं. मी खाल्लं. मग त्यांच्यापुढे चमचा धरला. त्यांनी नाही अशी मान हलवली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दोन घोट दूध घेतात, तेवढंच. डॉक्टरीणबाई नाकातून नळी घालू म्हणतात. अण्णा ती उपटून काढतील, म्हणून डावा हात खाटेला बांधावा लागेल. दहा दिवसांत ठरवायचंय. धाकट्या, मला एकटीला ठरवायला लावू नकोस रे.

तुझी ताई

ता. १ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

या होडीनंही बदलीचा माणूस आला नाही.

नळी नको. त्यांचा हात बांधायचा नाही. हे मी लिहितोय, मी ठरवलंय. न्हावी, मास्तर, शेजारीपाजारी, कुणीही बोललं तर हे पत्र दाखव आणि सांग, मुलानं नको म्हटलं. शिव्या मला बसू देत. मात्र तुझ्या मनात दुसरं असेल तर तसं कर आणि तेही माझ्याच नावावर सांग. इथून मला एवढंच करता येतंय.

त्यांना विचार, धाकट्यानं जागा सोडून यावं का. मान कशी हलते ते कळव. खरं तर ती आडवी हलताना मला आत्ताच दिसतेय.

होडीवाला हाका मारतोय. धक्क्यापर्यंत येतो, पत्र त्याच्या हातात देतो आणि परत वर जातो.

तुझ्या मायेवरच आहे.

धाकटा