जमिनीवर न पोचणारं पाणी

ता. ४ ऑक्टोबर

चि. नळ्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, म्हणजे दुकान ठीक. नळ, पाइप, वॉशर खपतायत. बाबांचं मात्र आता मला एकटीला झेपेनासं झालंय. परवा अनवाणीच रस्त्यावर गेले. विचारलं तर म्हणाले, धबधब्याला चाललोय. तू काम करतोस त्या हॉटेलमागच्या डोंगरात म्हणे एक धबधबा आहे, लग्नानंतर ते आणि आई तिथे गेले होते, आणि त्याचं पाणी खाली पडतच नाही! आई जाईपर्यंत याबद्दल कधी एका शब्दाने बोलली नाही. डॉक्टर म्हणतात, त्यांच्या सांगण्यावर आता विसंबू नका.

मी वृद्धाश्रमातली एक खोली बघून आले. खिडकी मोठी आहे. पण बाबा रोज विनवतात, मला घरातून हलवू नका, मला सगळं आठवतंय. रविवारी डोंगरात जाऊन ये. धबधबा नसलाच, तर मन घट्ट करून होकार कळवते. तुझ्यावाचून हॉटेलच्या टाक्या एका दिवसात वाहून जाणार नाहीत. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

ता. १२ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

धबधबा आहे! आधी हेच सांगतो, नाहीतर तू शेवट आधी वाचशील.

इथे कोणालाच ठाऊक नव्हता. पायवाट सोडून ओढ्याच्या आवाजामागे खाली उतरत गेलो आणि दुपारपर्यंत नुसते काटे टोचून घेतले. दमून एका कातळाला टेकलो तर पाठ भिजली, आणि वर आभाळ कोरडं ठणठणीत. असा चिडलो स्वतःवर! ओल दिसते तिथे गळती नसते, वर जा, हे बाबांनी कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. आणि मी प्लंबर असून पाण्यामागे खाली पळत होतो. मग ओल्या शेवाळाचा माग काढत, झुडपं धरत वर चढलो.

कड्याला वळसा घातला आणि समोरच. अगदी बारीक धार, पार उंचावरून येते, आणि अर्ध्यावर दरीतला वारा तिला उचलून बाजूला फेकतो. खालचे दगड कोरडे! पाणी खरंच खाली पडत नाही, ताई. भुरभुरत कातळावर बसतं, तीच ओल माझ्या पाठीला लागली होती. मी तिथेच बसलो आणि पोटभर रडलो. बाबा बरोबर होते. ती खोली घेऊ नकोस, माझं ऐक.

लोभ असावा, बाबांवर जरा जास्त.

तुझा, प्लंबर म्हणवणारा, नळ्या

ता. १९ ऑक्टोबर

चि. नळ्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. कोरड्या दगडांपाशी आल्यावर हसले. म्हणाले, तिचे केस मात्र भिजले होते. मला भरून आलं. वाटलं, डॉक्टरांना काही कळत नाही.

मग त्यांनी विचारलं, हे लिहिणारा कोण? तुमचा मुलगा, म्हटलं. बराच वेळ आठवून पाहिलं त्यांनी. म्हणाले, मला एक मुलगीच आहे. नळ्या, हे तुला लिहायला हात धजत नव्हता, पण लपवून काय करू? धबधबा खरा निघाला म्हणून आजार खोटा ठरत नाही.

खोलीला नकार कळवलाय. पण मला एकटीला झेपत नाही हेही तितकंच खरं, आणि लांबून नको म्हणणं सोपं असतं. रागावू नकोस. आज चहा पिताना त्यांनी ते पत्र पुन्हा वाचायला लावलं. ऐकून म्हणाले, पोरगा कामाचा दिसतोय, ओल बघून वर जातो. त्याला आपल्याकडे ठेवून घे.

तर ये. लोभ आहेच, आता तो घरी राहून वाढव.

तुझी ताई