वळणावरचा अबाया

॥ श्री ॥
अल-खोबर, २२ जुलै २०१८

ती. माईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि बहिणीशी ओरडून बोलणं मला जमत नाही, म्हणून पत्र. आमचे शेजारी नसरुद्दीनभाई सुट्टीवर रत्नागिरीला निघालेत, त्यांच्या हाती देते आहे.

नॉर्वेहून परवा परतलो. तिथे जुलैतही स्वेटर लागतो. यांनी तर कानटोपी जेवतानाही काढली नाही. ही यांची शेवटची मोठी रजा. यांच्या जागेवर सौदी माणूस घ्यायचा आहे. त्याला हेच शिकवून तयार करताहेत. डिसेंबरात इथलं खलास, मग देवरुखला कायमचे. माणूस चांगला आहे, पटकन शिकतो, म्हणून धड रागावताही येत नाही.

दर्शनाची शर्यत तिथे होती हे तुला ठाऊकच आहे. इथे पोरगी कंपाउंडच्या भिंतीच्या आत फेऱ्या मारत आली. एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर धावायचं म्हणून नॉर्वेचा हट्ट. पण शेवटच्या वळणावर पडली, गुडघे फुटले, शर्यत राहिली. तेव्हापासून माझ्याशी अबोला. आता कधीच धावणार नाही म्हणते. बूट कचऱ्याच्या डब्यात टाकले होते, ते मी काढून ठेवले. सतरा वर्षांची घोडी झाली, पण रुसणं पाळण्यातलं. तुझं ऐकते, चार शब्द सुनाव तिला.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
शर्मिला

॥ श्री ॥
देवरुख, ६ ऑगस्ट २०१८

चि. सौ. शर्मिलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणि खजूर दोन्ही मिळाले. सदानंदरावांना सांग, ती कानटोपी तिकडेच ठेवून या, देवरुखात घामोळं येईल.

दर्शनाला लिहिलं. तिचं उत्तर शेजारच्या सुनेच्या मोबाइलवर आलं. एवढंच, की मी कशी पडले ते आईला विचार. म्हणून विचारते. तू कानटोपीसुद्धा लिहिलीस, पण पोर पडली कशी ते लिहिलं नाहीस.

कॉलेजात तू हाफ पँट घालून खो-खो खेळायचीस तेव्हा आपले आबा छत्री घेऊन मैदानाच्या कुंपणाशी उभे असत. लोक त्यांना काय काय बोलत, ते मी ऐकलं आहे. आबा कुणाला उलटून बोलत नसत आणि तुला तर कधीच काही म्हणाले नाहीत. खेळ संपला की छत्री उघडायचे आणि दोघं घरी यायचात. आठवतं का?

खरं काय ते लिही. तोवर माझा जीव खालीवर.

तुझी,
माई

॥ श्री ॥
अल-खोबर, १९ ऑगस्ट २०१८

ती. माईस,
सा. न. वि. वि.

आबांचं लिहिलंस, आता लपवण्यात अर्थ नाही. ती पडली नाही. मी पाडली.

मी वळणावर उभी होते, हातावर तो इथला काळा पायघोळ अबाया. नॉर्वेत त्याचं काय काम? पण इतकी वर्षं घराबाहेर पडताना तो घ्यायची सवय, हाताने आपोआप घेतला. दर्शना तिसरी येत होती. आखूड चड्डी, बिनबाह्यांचा सदरा, सगळ्या मुलींसारखाच. काय सुरेख धावत होती! तेवढ्यात दोरीपलीकडे गणवेशातले दोन पोलीस दिसले, आणि मी नॉर्वेत आहे हेच विसरले. मला फक्त ते गणवेश दिसले आणि पोरीचे उघडे पाय. दोरीखालून घुसले, अंग झाक म्हणून किंचाळले आणि अबाया तिच्यावर टाकला. तो तिच्या पायांत अडकला.

तिला उचलायला धावले ते पोलीसच. एका बाईला वाटलं, मुलगी गारठली म्हणून आई पांघरूण घालते आहे. तिने आणखी एक ब्लँकेट आणून दिलं. मी तिचे आभार मानले, माई. हे शेवटच्या रेषेपाशी कॅमेरा घेऊन उभे होते, त्यांना सांगितलं की घसरली. दर्शना समोर बसून ऐकत होती, गुडघ्यातून रक्त येत होतं. माझी लाज तिने राखली.

माफी मागायला जीभ वळत नाही. तोच अबाया उसवून खाली पायजम्यासारखा शिवते आहे, म्हणजे तिला इथे समुद्रकाठी धावता येईल. हल्ली तिथे बायका धावतात म्हणे. शिवण वाकडी येते आहे.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

तुझी,
शर्मिला

अल-खोबर, ७ सप्टेंबर २०१८

प्रिय माईमावशीस,
सा. न. वि. वि.

मी मराठी शाळेत शिकले नाही, चुका सांभाळून घे. हे पत्र आईला दाखवणार नाही.

तिने अबायाचं जे काही शिवलं ते बघून बाबा म्हणाले, मोडकी छत्री पुष्कळ बरी. मी हसले नाही. मी नाही घालणार, तूच घाल आणि तूच धाव, असं बोलले आणि दार आपटलं. वाईट बोलले, कळतं मला.

काल संध्याकाळी दार वाजलं. आई ते ध्यान अंगात घालून उभी होती. पायात बाबांचे बूट, त्यांत मोजे कोंबलेले. मला म्हणाली, यल्ला, म्हणजे चल. आई कधी अरबी बोलत नाही, मावशी.

समुद्रकाठी लोक चटया टाकून चहा पीत बसले होते. त्या सगळ्यांच्या मधून आई धावली. खो-खो खेळायची हे कुणाला पटणार नाही. कोपरं बाहेर, मान खाली. मुलं हसली. गाडीतून कुणीतरी हॉर्न वाजवला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, मला मागूनही दिसत होतं. तरी थांबली नाही. पुढच्या दिव्याचा खांब येईपर्यंत धावली आणि त्याला धरून धापा टाकत राहिली.

मी जवळ गेले. म्हणाली, तू घसरली नव्हतीस हे बाबांना आज सकाळी सांगितलं. मग पिशवीतून माझे बूट काढले. धुतलेले. म्हणाली, आता तू जा, मी इथे उभी राहते, ओरडणार नाही.

मी माझा अबाया कमरेशी खोचला आणि गेले. बऱ्याच लांब जाऊन वळून पाहिलं. आई खांबापाशीच होती, दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून.

डिसेंबरात येतोच. लोभ असू दे, या खेपेला तिच्यावर थोडा जास्त.

तुझी,
दर्शना